नवं मिलिंग मशीन, वाकडा कॉलम आणि नखाला लागणाऱ्या पायऱ्या

प्रश्न : घरच्या वर्कशॉपसाठी बेंचवर बसणारं छोटं मिलिंग मशीन घेतलंय, साधारण ७० किलोचं. खोक्यातून काढलं, पुसलं, लाकडी बेंचवर बोल्ट मारून बसवलं आणि उत्साहाच्या भरात त्याच दिवशी माइल्ड स्टीलच्या तुकड्यावर १६ एमएमचा एंड मिल (तळाने आणि बाजूने कापणारा कटर) चालवला. एक पास छान येतो, पण शेजारी दुसरा घेतला की दोघांच्या मधे पायरी पडते, नखाला लागते. झेडला, म्हणजे वर-खाली चालीला, हातही लावलेला नाही, लॉकच होता. मशीन खराब निघालं का? परत करू का?

उत्तर : परत करू नका, निदान या कारणासाठी तरी नको. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तुमचं उलटं झालंय, नाचता येतंय पण अंगण खरंच वाकडं आहे. स्पिंडल, म्हणजे कटर धरून फिरणारा दांडा, टेबलाला काटकोनात उभा नाहीये, पुढे किंवा मागे किंचित झुकलाय, त्यामुळे कटरच्या तळाची एक कड खाली आणि समोरची कड वर राहते, म्हणजे प्रत्येक पास कौलासारखा तिरका कापला जातो आणि दुसरं कौल शेजारी आलं की मधे पायरी दिसणारच. डावी-उजवीकडे झुकलेला असता तर पायरी पडली नसती, प्रत्येक पास मधे किंचित खोलगट आला असता, अर्थात तुम्ही टेबल डावी-उजवीकडे चालवत होतात असं धरून. त्यामुळे आजार कुठल्या दिशेचा आहे ते तुमच्या जॉबनेच, म्हणजे कापलेल्या तुकड्यानेच, सांगितलंय.

आता मुळात एक गोष्ट समजून घ्या की या साइजची मशिनं कारखान्यातून निघतात ती जोडलेली असतात, जुळवलेली नसतात. तुम्ही जे विकत घेता तो एका मशीनचा सगळा माल असतो, त्याचं मशीन तुम्ही करायचं असतं, आणि ते करताना क्रम पाळायचा, खालून वर. आधी पाया, मग स्लाइड (टेबल ज्यांवर सरकतं त्या), मग कॉलम (मागचा उभा खांब), मग हेड (खांबावरचा मोटर-स्पिंडलचा भाग), मग व्हाइस (जॉब पकडायचा शिकंजा). लोक सरळ हेडपासून सुरुवात करतात, डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र) लावून दिवसभर ठोकत बसतात आणि नंतर खालचा एक बोल्ट आवळला की सगळं मुसळ केरात.

तर खालून. आधी प्लग काढा, नुसतं स्विच बंद नाही, प्लग काढून खिशात टाका म्हटलं तरी चालेल. मशीन येतं तेव्हा गंजू नये म्हणून त्याला चिकट लेप असतो, तो तुम्ही पुसला म्हणता पण पुसला असेल तो वरवरचा, आतल्या स्लाइडमधे, टी-स्लॉटच्या (टेबलावरच्या बोल्ट अडकवायच्या खाचांच्या) कोपऱ्यात आणि लीड स्क्रूच्या (टेबल सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) आट्यांमधे तो तसाच असणार आणि त्यात ग्राइंडिंगची बारीक धूळ, ओतकामाची वाळू अडकलेली असते, म्हणजे आत्ता तुमच्या स्लाइडमधे पॉलिश पेपरच घासतोय असं समजा. टेबल आणि साडल (टेबलाखालचा सरकणारा भाग) उतरवा, जमतं, अवघड नाहीये, फक्त उतरवण्याआधी मोबाइलवर प्रत्येक जागेचा फोटो काढा आणि प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या डबीत टाका. रॉकेल आणि रंगाचा जुना ब्रश घेऊन सगळं धुवा, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास ठिणगी उडेल असं काही नको. थिनर वापरू नका, लेपाबरोबर मशीनचा रंगही निघून येतो. कडांवर हात फिरवून बघा, बर (धारदार उंचवटा) असेल तिथे बारीक ऑइल स्टोन हलका फिरवायचा, कानस नाही. मग लगेच स्लाइड ऑइल, ६८ ग्रेडचं. लगेच म्हणजे त्याच बैठकीत, रॉकेलने धुतलेलं उघडं लोखंड रात्रभर तसं ठेवलं तर सकाळी केशरी दिसतं.

परत बसवताना उचलण्याबद्दल दोन शब्द, कारण ७० किलो ऐकायला फार वाटत नाही पण त्यातलं बरंचसं वजन वर हेडमधे असतं आणि मशीन लगेच कलंडतं. हेड अगदी खाली आणून लॉक करा, पट्टा घालायचा तो कास्टिंगच्या खालून, मोटर, हॅण्डव्हील आणि लीड स्क्रूला धरून उचलायचं नाही. एकट्याने तर नाहीच.

बेंच लाकडी आहे म्हणालात. जाड, जड आणि भिंतीला किंवा जमिनीला बांधलेला असेल तर चालेल, पण लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, तेव्हा जमलं तर मशीनखाली एक जाड स्टीलची प्लेट घाला. पाणसळ लावून बुडबुडा मधोमध आणण्यात लोक अर्धा दिवस घालवतात, त्याची एवढी गरज नाही हो, मिलिंग मशीन थोडं उतरतं असलं तरी सरळच कापतं, फक्त त्याच्या पायाला पीळ पडता कामा नये. पीळ बघायची सोपी युक्ती सांगतो. बोल्ट न लावता मशीन नुसतं ठेवा आणि चारही कोपऱ्यांखाली कागदाची एकेक पट्टी सरकवा, मग पट्ट्या ओढून बघा, तीन घट्ट असतील आणि चौथी सुळकन निघून येईल. ज्या कोपऱ्याची निघाली तिथे शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घाला, पट्टी तिथेही घट्ट होईपर्यंत. मग बोल्ट आवळायचे, पण आवळताना हेडवर डायल लावून त्याचं टोक टेबलाच्या कडेला टेकवून ठेवा आणि एकेक बोल्ट आवळताना काट्याकडे बघा, ज्या बोल्टला काटा पळाला त्या कोपऱ्यात अजून काम बाकी आहे. हे एकदा डोळ्यांनी बघाच, एवढं जाड ओतीव लोखंड एका पान्याने वाकतं यावर आधी विश्वास बसत नाही.

मग गिब. स्लाइडमधे एका बाजूला जी पट्टी असते ती, तिच्यावरच सगळी ढिलाई अवलंबून. सरळ पट्टीची असेल तर बाजूला तीन-चार छोटे स्क्रू आणि त्यांवर नट असतात, एकेक स्क्रू अॅलन कीने हलकेच आवळायचा, हॅण्डव्हील जड झालं की जरासा मागे, आणि मग स्क्रू अॅलनने धरून ठेवून नट पान्याने आवळायचा, नाहीतर नटाबरोबर स्क्रूही फिरतो आणि केलेलं सगळं पाण्यात. निमुळती गिब असेल तर दोन्ही टोकांना स्क्रू असतो, एक ढिला केल्याशिवाय दुसरा आवळायचा नाही. टेबल हाताने टोकाला धरून पुढे-मागे ढकलून बघा, डायलवर ०.०२ ते ०.०३ एमएम हलून परत आलं तर ठीक, त्याहून जास्त असेल तर अजून आवळा, आणि हॅण्डव्हील दोन हातांनी फिरवावं लागत असेल तर अति झालं. झेडची गिब विसरू नका, सगळ्यात जास्त त्रास तीच देते.

आता आलो मूळ दुखण्यावर. स्पिंडलमधे एक आडवा हात बसवा आणि त्याच्या टोकाला लिव्हर डायल, असा की टोक मध्यापासून १०० एमएमवर येईल, म्हणजे पूर्ण फेऱ्याचा व्यास २०० होतो. हात जाड हवा, बारीक सळई स्वतःच्या वजनाने आणि डायलच्या वजनाने डुलते आणि मग तुम्ही सळई मोजता, मशीन नाही. गियर न्यूट्रलला टाकून स्पिंडल हाताने फिरवायचा आणि रीडिंग घ्यायचं मागे आणि पुढे. टी-स्लॉटवरून जाताना डायलचं टोक खड्ड्यात पडून आपटतं, त्यासाठी एका मोठ्या बेअरिंगची बाहेरची रिंग टेबलावर ठेवा, तिच्या दोन्ही बाजू चांगल्या ग्राइंड केलेल्या आणि समांतर असतात, टोक तिच्या कडेवरून गोल सुखाने फिरतं. तेवढी मोठी रिंग नसेल तर एकच ग्राउंड ब्लॉक मागे ठेवून रीडिंग, मग तोच ब्लॉक पुढे ठेवून रीडिंग. छोट्या मशीनवर पुढे-मागे टेबलच २०० एमएम रुंद नसतं, मग जेवढं मिळेल तेवढं अंतर घ्या आणि हिशेबात तेच धरा.

समजा २०० एमएमवर मागच्या आणि पुढच्या रीडिंगमधे ०.२४ एमएमचा फरक आला. तुमचा १६ एमएमचा कटर, दर पासला १२ एमएम सरकत असाल तर पायरी येते ०.२४ भागिले २०० गुणिले १२, म्हणजे ०.०१४ एमएमच्या आसपास. चौदा-पंधरा मायक्रॉन, पण नख खोटं बोलत नाही. आता कॉलमच्या पायाच्या पुढच्या आणि मागच्या बोल्टमधलं अंतर मोजा, समजा १०० एमएम आहे, तर शिम लागेल ०.२४ भागिले २०० गुणिले १००, म्हणजे ०.१२ एमएम. शिम कुठे घालायची? डायल जिथे कमी दाबला जातो तिथे टेबल लांब आहे. पुढे लांब असेल तर कॉलम मागे रेललाय, शिम मागच्या बोल्टांखाली. मागे लांब असेल तर उलट. कॉलम बेसच्या मागच्या उभ्या तोंडाला बोल्ट केलेला असेल तर तत्त्व तेच, फक्त शिम त्या सांध्यात वर किंवा खाली जाते. शिम स्टीलची किंवा पितळेची पत्रीच घ्या, कागद-पुठ्ठा दबतो आणि महिन्याभरात तुम्ही परत तिथेच.

पण थांबा, शिम घालायच्या आधी एक गोष्ट तपासा जी बरेच जण सोडून देतात. स्पिंडल वाकडा असणं आणि कॉलम वाकडा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेबलावर चांगला ग्राउंड गुण्या उभा करा, डायल हेडला लावून टोक गुण्याच्या उभ्या अंगाला टेकवा आणि हेड १०० एमएम वर-खाली करा. इथेही त्याच प्रमाणात फरक आला तर दोष कॉलमचा आणि वरची शिम बरोबर. पण इथे काटा हललाच नाही तर कॉलम सरळ आहे, हेड त्याच्या स्लाइडवर वाकडं बसलंय, तेव्हा शिम त्या सांध्यात जाईल. चुकीच्या सांध्यात शिम घातली तर पायरी जाते खरी, पण हेड वर-खाली केलं की स्पिंडलची जागा सरकते, म्हणजे लहान ड्रिलने मध्य मारला आणि मोठ्या ड्रिलसाठी हेड वर घेतलं की भोक भलतीकडे.

माझ्या पहिल्या मशीनवर मी ओळीने तीन संध्याकाळी या ट्रॅमिंगमधे, म्हणजे स्पिंडल काटकोनात आणण्यात, घालवल्या, रात्री सगळं ०.०१ मधे आणून झोपायचो आणि सकाळी कट घेतला की पायरी हजर. रात्री उंदीर येऊन कॉलम ढकलतात की काय इतपत विचार करून झाला. शेवटी लक्षात आलं की मी डायल फिरवताना झेडचा लॉक सोडलेला ठेवत होतो आणि कट घेताना अर्थातच लॉक आवळत होतो, आणि गिब ढिली असल्यामुळे लॉक आवळला की हेड ०.०८ ने मान टाकायचं. त्या दिवसापासून नियम, रीडिंग घ्यायचं ते मशीन कट घेताना ज्या अवस्थेत असतं त्याच अवस्थेत, सगळे लॉक लावून. बोल्ट आवळल्यावरही परत एकदा, कारण आवळताना थोडं पळतंच.

किती बारीक जायचं? घरच्या कामाला २०० एमएमवर ०.०२ एमएम आलं की पाना खाली ठेवा. त्यापुढे जाणारे लोक मशीन वापरत नाहीत, मोजतात. डायल जे सांगतो त्याची खात्री कापून करून घ्यायची, अॅल्युमिनियमच्या ब्लॉकवर फ्लाय कटरने (एका दाताच्या, रुंद फिरणाऱ्या कटरने) एक हलका पास घ्या, कटरच्या येताना आणि जातानाच्या दोन्ही रेघा एकमेकींना छेदून जाळी दिसली तर स्पिंडल सरळ, एकाच बाजूच्या कमानी दिसल्या तर अजून त्या चालीच्या दिशेत कल आहे. एक पास डावी-उजवीकडे आणि एक पुढे-मागे घ्या.

व्हाइस सगळ्यात शेवटी. तळाला आणि टेबलाला हात फिरवून चिप नाही ना बघा, स्थिर जबड्याला डायल टेकवून टेबल चालवा, एक बोल्ट घट्ट आणि दुसरा निम्मा आवळलेला ठेवून प्लॅस्टिकच्या हातोडीने टकटक करत काटा स्थिर आणा. हलत्या जबड्यावर डायल लावू नका, तो जॉब धरला की वर उचलला जातो.

प्रश्न : हॅण्डव्हील उलट फिरवलं की सुरुवातीला काहीच हलत नाही, डायलवर मोजलं तर ०.३५ एमएम रिकामं जातं. स्केलचा डिजिटल डिस्प्ले लावला तर हा प्रश्न सुटेल असं एकाने सांगितलं.

उत्तर : अर्धाच सुटेल. डिस्प्ले टेबल कुठे आहे ते खरं सांगतो, मग बॅकलॅश, म्हणजे हे रिकामं जाणं, कितीही असो, त्यामुळे मोजमापाचा प्रश्न मिटतो. पण टेबलाची ०.३५ ची मोकळीक तशीच राहते आणि कटरला ती बरोबर सापडते. कटर ज्या दिशेने जॉब पुढे ढकलू बघतो त्याच दिशेने तुम्ही फीड दिलं, म्हणजे क्लाइम्ब केलं, तर कटर जॉबला स्वतःकडे खेचतो, टेबल ती ०.३५ ची उडी एकदम मारतं, दाताला ०.०३ ऐवजी दहा पट माल मिळतो आणि टक असा आवाज येऊन एंड मिल दोन तुकड्यांत. म्हणून असल्या मशीनवर रफिंग (भरड कापणी) कायम फीडच्या विरुद्ध फिरणाऱ्या कटरने, आणि क्लाइम्ब फक्त शेवटच्या ०.०५ च्या फिनिश पासला, तेही लॉक किंचित आवळून टेबल जड ठेवून. ज्या अॅक्सिसवर काम नाही ते पूर्ण लॉक.

०.३५ मात्र जास्तच आहे, नव्या छोट्या मशीनवर ०.१ ते ०.२ असलं तर मी हात लावत नाही. टेबल दोन्ही हातांनी धरून ढकला-ओढा आणि हॅण्डव्हीलच्या कॉलरकडे (आकडे कोरलेल्या रिंगकडे) बघा. कॉलरही आत-बाहेर होत असेल तर टोकाच्या बेअरिंगची ढिलाई आहे, तिथला नट आवळून जाते, पाच मिनिटांचं काम. कॉलर गप्प आणि टेबल हलतंय असं असेल तर लीड स्क्रूच्या नटमधे आहे, काही नटांना चीर देऊन वर स्क्रू दिलेला असतो, तो हलकासा आवळा आणि टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून बघा, मधे मोकळं आणि टोकाला जड असं झालं तर परत थोडा सोडा.

प्रश्न : मशीनबरोबर ड्रिल चक आलंय. त्यात एंड मिल धरला तर काय बिघडतं? कोलेट (कटर चहूबाजूंनी आवळून धरणारी चिरलेली नळी) वगैरे नंतर घेईन म्हणतो.

उत्तर : नंतर नको, आधी घ्या. ड्रिल चक वरून खाली येणाऱ्या दाबासाठी केलेलं असतं, त्याचे तीन जबडे एंड मिलला तीन बारीक रेघांवर धरतात आणि मिलिंगमधे जोर येतो बाजूने, कंप पावत पावत. एंड मिल हळूहळू खाली सरकतो आणि जॉब खोल होत जातो, किंवा चक त्याच्या टेपरवरून सुटून फिरता फिरता खाली पडतं. दुसरं जास्त वाईट.

ईआर ३२ या मापाच्या कोलेटचा सेट घेतलात तर २ ते २० एमएमपर्यंतचं सगळं धरता येतं. वापरताना एक गंमत आहे जी नवीन माणूस हमखास चुकतो, कोलेट आधी होल्डरमधे टाकून वरून नट लावतो. नाही. कोलेट आधी नटमधे तिरका करून दाबायचा, कट आवाज येतो, आतली रिंग कोलेटच्या खाचेत बसली, मग नट-कोलेट एकत्र होल्डरवर, मग कटर आत. असं नाही केलं तर नट सोडला तरी कोलेट आतच अडकून बसतो आणि कटर तिरका धरला जातो तो वेगळाच. स्पिंडल मोर्स टेपरचा (निमुळत्या भोकाचा) असेल तर तो टेपर स्वतःच घट्ट धरतो, काढताना ड्रॉबार (स्पिंडलमधून जाऊन होल्डर वर खेचून धरणारा लांब बोल्ट) एक-दोन आटे सैल करून त्याच्या डोक्यावर हलकीशी हातोडी मारली की सुटतो, आटे पूर्ण काढून मारू नका, आटेच चेपतात. आणि ड्रॉबारचा पाना हातातून सुटला की थेट मशीनवरून बाहेर, वर राहू द्यायचा नाही. मोटर चालू झाली तर तो कुठे जाईल सांगता येत नाही.

प्रश्न : स्पीड किती ठेवायचा? मशीन थरथरतं आणि आवाज करतं, मग मी स्पीड अगदी कमी करतो.

उत्तर : आवाज आला की थोडं कमी करणं बरोबर, पण अगदी कमी नको, या मोटरचा पंखाही मोटरबरोबरच हळू फिरतो आणि जड कट हळू स्पीडवर रेटला की मोटर आणि कंट्रोलर दोन्ही तापतात. हिशेब सोपा आहे, कटिंग स्पीड गुणिले ३१८ भागिले कटरचा व्यास. एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) कटर आणि माइल्ड स्टील असेल तर कटिंग स्पीड मिनिटाला २५ मीटर धरा, १० एमएमच्या एंड मिलला आले जवळजवळ ८०० आरपीएम. अॅल्युमिनियमला ७५ धरलं तर २४०० च्या आसपास, तुमचं मशीन तेवढं फिरत नसेल तर जेवढं जातं तेवढं. फीड मात्र द्यायचाच, चार दातांना प्रत्येकी ०.०३ एमएम म्हणजे ८०० आरपीएमला मिनिटाला ९६ एमएम, तुमच्या हॅण्डव्हीलचा एक फेरा २ एमएमचा असेल तर सेकंदाला जवळपास एक फेरा. घाबरून हळूहळू फिरवलं तर दात कापत नाही, घासतो, आणि तोच तो किरकिर आवाज. आधी कटाची खोली कमी करा, मग स्पीड, फीड शेवटी. आणि नवीन मशीन पहिल्यांदा कट न घेता कमी, मध्यम, जास्त अशा स्पीडला अर्धा-अर्धा तास चालवा, मधून हेडवर बेअरिंगच्या जागी हात ठेवून बघा, कोमट ठीक, हात ठेववत नाही इतकं गरम म्हणजे बंद करा.

प्रश्न : मिलिंग करताना हातमोजे घालावेत का? चिप फार गरम उडतात.

उत्तर : अजिबात नाही. मोज्याचा एक धागा कटरने धरला की तो मोजा सोडत नाही, आणि मोज्यात तुमची बोटं असतात. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, अंगठी काढलेली, डोळ्यांवर गॉगल. चिप ब्रशने झाडायच्या, स्पिंडल पूर्ण थांबल्यावर. कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह होतो पण त्याने चिप डोळ्यात जातात किंवा तुम्ही एवढ्या कष्टाने धुतलेल्या स्लाइडमधे.

प्रश्न : आता पुढची खरेदी काय? डिस्प्ले, पॉवर फीड (मोटरने टेबल चालवणं) की रोटरी टेबल (जॉब गोल फिरवायचं टेबल)?

उत्तर : आधी व्हाइस, एक लिव्हर डायल आणि मॅग्नेटिक स्टँड, क्लॅम्पचा सेट, पॅरलल्स (जॉबखाली ठेवायच्या समांतर पट्ट्या) आणि ६, १० एमएमचे चांगले एंड मिल दोन-दोन, कारण पहिला तुटणार आहे. मग डिस्प्ले. पॉवर फीडची आठवण तुम्हाला मनगट करून देईल. रोटरी टेबल ज्या जॉबसाठी लागेल तो जॉब समोर आला की घ्या, माझं सहा वर्षं कपाटात आहे, वर ऑइलचा थर, खाली वर्तमानपत्र.